तीनशे अक्षरांपुढचं

आत्याला त्या चाचणीत मीच ओढलं. आमची कंपनी म्हणजे पाच माणसं, दोन खोल्या आणि एक सॉफ्टवेअर. विद्यार्थ्यांचे निबंध, प्रबंध शिक्षकांनी त्यात तपासायचे, शेरे लिहायचे आणि बटण दाबलं की शेरा थेट विद्यार्थ्याला दिसायचा. विद्यापीठाने एक सत्र वापरून बघायचं कबूल केलं, पण बारा शिक्षक हवे होते आणि अकराच तयार झाले. आत्या तिथे इतिहास शिकवायची. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

"चिमे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "पण तुझं अडतंय ना? मग घाल माझं नाव."

बाकीचे शिक्षक "छान", "संदर्भ द्या" एवढ्यावर भागवायचे. आत्या दोन बोटांनी टाइप करत एकेका मुलाला पानभर लिहायची.

सत्र संपायला दोन आठवडे असताना मला चूक सापडली. तीनशे अक्षरांपुढचा शेरा साठवताना कापला जात होता. शिक्षकाला हिरवी खूण दिसायची आणि विद्यार्थ्याला अर्धाच शेरा. आधी आमच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही स्वतः तपासताना "टेस्ट टेस्ट" याच्यापुढे कधी गेलोच नव्हतो. मी मालकाला सांगितलं. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो.

"आता दुरुस्त करायला गेलो तर विद्यापीठाला कळवावं लागेल," दादा म्हणाला. "संपू दे सत्र. एवढं लांब लिहितं तरी कोण?"

कोण लिहितं ते मला ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली.

आठच दिवसांत विभागप्रमुखांनी आत्याला बोलावलं आणि सॉफ्टवेअरचा विषय म्हणून मलाही. टेबलावर एका विद्यार्थिनीने आणून दिलेला छापील शेरा होता. त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "'या पुराव्यांवर तुझा निष्कर्ष निराधार आहे' बस, संपलं. मॅडम, दोन वर्षं राबलेल्या मुलीला असं लिहितात? ती विषयच सोडतेय."

आत्याने चष्मा लावून कागद वाचला. "सर, हे अर्धं आहे. पुढे मी लिहिलं होतं, 'असं वरवर वाचणारा म्हणेल, पण मला तसं वाटत नाही.' अजूनही बरंच लिहिलं होतं."

"मग ते गेलं कुठे?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कागदावरच्या त्या वाक्याला पूर्णविराम नव्हता. मला तो इथूनही दिसत होता, म्हणजे नसलेला दिसत होता. सोमवारी सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही ते ठरणार होतं.

"तसा कुठला बिघाड नोंदलेला नाही," मी म्हणाले. शब्दशः ते खोटंही नव्हतं. नोंद आम्ही केलीच नव्हती.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, कागद परत टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "माझ्याच हातून भलतं बटण दाबलं गेलं असेल, सर. चूक माझी."

"होतं असं या वयात," विभागप्रमुख समजूतदारपणे म्हणाले. आत्या हसली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. जिन्यात तीच माझी समजूत काढायला लागली. "माझ्यापायी तुझ्या कामाला बट्टा नको गं लागायला."

तीन दिवस मी जेवले ते फक्त पानात होतं म्हणून. चौथ्या दिवशी ऑफिसात मसुद्यांच्या नोंदी उघडल्या. टाइप केलेलं सगळं तिथे आपोआप राहत होतं. कापले गेलेले शेरे एकेचाळीस निघाले, सगळे आत्याचे. त्या मुलीच्या शेऱ्यात पुढे होतं, "तुला जे दिसलंय ते आजवर कुणी पाहिलं नाही. दोन पुरावे कमी पडतात, ते आपण मिळून शोधू. घाबरू नकोस."

तशीच उठून आत्याकडे गेले. ती साडीला इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं.

"त्या खोलीत बसली होतीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. "मला वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालं. आपण लिहिलं की लिहिलंसं वाटलं, तेच कळेना. लवकर निवृत्तीचा अर्जसुद्धा लिहून ठेवलाय मी." मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "रडू नकोस. आधी त्या मुलीला जाऊन सांग."

मी विभागप्रमुखांना पत्र दिलं, सोबत एकेचाळीस शेरे जोडले. आमचं सॉफ्टवेअर विद्यापीठाने नाकारलं. "स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारलीस आणि आमच्याही," दादा म्हणाला. ते खरंच होतं. विभागप्रमुखांनी बैठकीत सगळ्यांसमोर आत्याची माफी मागितली.

ती मुलगी मला ग्रंथालयात भेटली. तिने उभ्या उभ्याच शेरा दोनदा वाचला.

"माझा नवा विषय मंजूर झालाय," ती म्हणाली. मग कागदाची घडी घातली. "मी मॅडमना काय काय बोलले, माहितीये तुम्हाला? सगळ्या वर्गासमोर." तिचे कान लाल झाले होते. माझी लाज मी तिच्याही गळ्यात बांधली होती.

आत्याने तो अर्ज दिला नाही. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलते, घरी गेले की जेवल्याशिवाय सोडत नाही. फक्त मोबाईलमध्ये काही अडलं की शेजारणीकडे जाते. मी समोर बसलेली असले, तरी.