बेंबीपर्यंत आलेली माळ

मले बोलायची हौस नाही. पोटाच्या उजव्या अंगाले, बरगड्यांखाली, गुमान पडून राहणारा गडी मी. पण खरं काय झालं ते सांगायले दुसरं कोणी तयार नाही, म्हणून तोंड उघडून राहिलो. मी सिहोऱ्याच्या सुखरामचं यकृत. दवाखान्यात मले लिव्हर म्हणतात. घरात कोणी काहीच म्हणत नाही.

सत्तावन वर्षं झाली, एक दिवस सुट्टी नाही. सुखराम ढीगभर भात खाते. त्याची साखर रक्तात उतरली की जास्तीची मी कोठीत भरून ठेवतो. पहाटे हा उपाशीपोटी तलावात जाळं फेकते, तेव्हा तीच साखर थोडी थोडी सोडतो. लोक म्हणतात, "सुखरामच्या हातात लय दम हाय." हातात म्हणे! तेल पचावं म्हणून पित्त कोण करते? मोहाच्या दारूचं विष कोण निस्तरते? मीच.

यंदा मी सुजलो. सुखरामले कावीळ झाली, डोळे हळदीसारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन महिने दारूचा थेंब नको, नाहीतर लिव्हर हातचं जाईल." यानं मान हलवली आन् सरळ गेला माळवाल्या भुपेंद्रकडे. काड्यांची माळ गळ्यात घालायची. वाढत वाढत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. बायकोनं, बायाबाईनं, दोन माळा आणल्या. एक तुटली तर असू दे, म्हणून दुसरी खुंटीवर टांगली.

बारा दिवस मी मरमर करून स्वतःले सावरलं. माळ बेंबीले टेकली. सुखराम आंगणात नाचला. भुपेंद्रले नारळ, वरून पाया पडणं. मले काय? तळलेला मरळ मासा आन् मोहाच्या दारूचा गिलास!

गिलास ओठाशी आला. मी अजून अर्धा सुजलेला. बोंब तरी कशी मारू?

तेवढ्यात बायाबाई खुंटीवरची माळ घेऊन आली. ती भी तेवढीच लांब.

"काहो, खुंटीले भी कावीळ झाली होती का?"

सुखरामनं गळ्यातली माळ तिच्या माळेशी लावून पाहिली.

"काड्या वाळल्या, गाठी ढिल्या झाल्या, म्हणून माळ लांबली. ठेवा तो गिलास."

"अवो, एकच घोट..."

"ठेवा म्हणते ना! नाहीतर खुंटीलेच पाजते."

गिलास उकिरड्यावर गेला. मरळ मांजरीनं खाल्ली. तिचं लिव्हर धडधाकट हाय.

आता दोन महिने झाले. मी पुन्हा कामाले लागलो. डोळे पांढरे झाले म्हणून हा आरशात पाहून हसते. बायाबाईची माफी त्यानं त्याच दिवशी मागितली. कधीतरी बरगडीखाली हात ठेवून मले भी म्हणावं, 'चुकलं गड्या.' भुपेंद्रनं नाही म्हटलं तरी चालते. म्हणायचं ते माझ्या मालकानं, सुखरामनं.