बटणची टोपी

दुकान उघडलं की शिंपी आजोबा मशीनशी बसत आणि नातीला हाक मारत. नऊ वर्षांची नात, लाडाचं नाव बटण, त्यांना सुई ओवून द्यायची. त्या सकाळी मात्र तिनं दोरा तीनदा सुईच्या बाजूनंच नेला.

"नाटकं करतेस होय गं?" आजोबा हसले.

"नाही हो आजोबा. भोकच दिसत नाही. डोकंही ठणकतंय."

डोकं वर्षभर ठणकत होतं. शाळा बुडवायचे बहाणे, असं घरानं ठरवून टाकलं होतं.

बटणचं डोकं जन्मापासून लांबट, दोन्हीकडून चेपलेलं. ती तीन महिन्यांची असताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "कवटीचा सांधा वेळेआधीच जुळलाय. मेंदूला वाढायला जागा हवी. वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्या." सुनेनं, बटणच्या आईनं, हॉस्पिटलात जायला लगेच पिशवी भरली. आजोबांनी अडवलं. "एवढ्याशा जिवाच्या डोक्याला सुरी लावायची? लोक पोरीला जन्मभर नावं ठेवतील. मी टोपी शिवतो, कुणाला पत्ता लागायचा नाही." त्यांच्यापुढे बोलायची त्या घरात सोय नव्हती. सुनेनं पिशवी रिकामी केली.

टोपी काय सुरेख शिवली म्हणून सांगू. दोन्ही बाजूंना आतून कापूस, वरून डोकं छान गोल. दरवर्षी माप घेऊन नवी. व्यंग झाकलं म्हणजे बरं झालं, असं मानणारी आपण शहाणी माणसं.

पण भोकच दिसत नाही म्हटल्यावर आजोबा आणि सून तिला घेऊन निघाले. दुपारी मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बटणचे डोळे तपासले. "कवटीच्या आत दाब वाढलाय. ऑपरेशननं तो उतरेल. पण गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकली तर नशीब. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

 घरी येऊन आजोबांनी मापांची वही काढली. दरवर्षी लांबी वाढलेली, रुंदी जेमतेम तेवढीच. अक्षर त्यांचंच होतं.

"मी पिशवी भरली होती, बाबा," सून एवढंच म्हणाली.

ऑपरेशननंतर डोकेदुखी थांबली. पण नजर उतरतच गेली. बटणला आता उजेड आणि माणसांच्या सावल्या तेवढ्या कळतात.

परवा शेजारीण चार महिन्यांचं बाळ घेऊन दुकानात आली. "काका, बटणला शिवायचात तशी टोपी हवी. ह्याचं डोकं जरा लांबट आहे."

सवयीनं आजोबांचा हात टेपकडे गेला. मग त्यांनी टेप खणात टाकली. "टोपी मिळणार नाही. आधी हॉस्पिटलात दाखवू. मी येतो बरोबर."

"घरचे नको म्हणतात हो. तुम्ही नाही शिवलीत तर विकतची घेईन."

बटण स्टुलावरून उठली. चाचपडत तिनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग स्वतःच्या.

"काकू, ह्याला अजून दिसतं ना?"

"दिसतं गं."

"मग थांबलात कशाला?"

 आजोबा चपला घालून शेजारणीची वाट पाहत दारात उभे राहिले.