सात नंबर

माझा आवाज पुरुषी आहे. घोगरा, जाड. फोनवर हॅलो म्हटलं की समोरचा हमखास "बोला साहेब" म्हणतो. आई म्हणायची, देवाने हिला बाईचा देह दिला आणि आवाज द्यायच्या वेळी त्याला डुलकी लागली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे काही झालं ते या आवाजानेच केलं.

आणि हेही सांगते, की परदेशात डोंगर चढायला मी काही हौसेने गेले नव्हते. दोन जिने चढले तरी माझे गुडघे माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी गेले ती मुकादमासाठी. त्याला रडवायला.

माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी, एका सहल कंपनीच्या ऑफिसात काम करते. आठ जणांचा ग्रुप परदेशी न्यायचा, जुनी गावं, विणकरांची घरं, घंटाघरं दाखवायची आणि रोज चार-पाच तास डोंगरातून चालवायचं, असली त्यांची सहल. एका संध्याकाळी ती चपला न काढताच घरात आली.

"आत्या, पुढच्या ग्रुपच्या यादीत मुकादम आहे."

"कुठला मुकादम?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती. हातातलं भांडं मी तोवर खाली ठेवलं होतं.

मुकादम म्हणजे आमच्या कोल्ड स्टोरेजचा. मी तिथे फळं निवडायला होते आणि भाऊ आतल्या थंड खोल्यांत पेट्या रचायला. नंबर सतरा. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी अमोनियाचा पाइप फुटला. भोंगा झाला, आम्ही सगळे डोळे चोळत पटांगणात आलो. मुकादमाने मान खाली घालून रजिस्टरातले नंबर पुकारले. सतराला "हजर" आलं. सगळे आले म्हणून त्याने दारं बाहेरून लावून घेतली, गॅस पसरू नये म्हणून. सतरा आत होता. दीड तासाने काढला तेव्हा काही उरलं नव्हतं.

अहवालात मुकादमाने एक ओळ लिहिली. "कामगार क्रमांक सतरा हजेरी देऊन स्वतःच्या मर्जीने परत आत गेला." बस्स. त्या ओळीला मग लोकांनी शेपट्या जोडल्या. कुणी म्हणे प्यायलेला होता, कुणी म्हणे आत काहीतरी चोरून ठेवलेलं आणायला गेला. मेल्यावर माणूस भांडायला येत नाही ना! भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या आईने तोंडावर विचारलं, "वडील म्हणे दारूच्या नशेत गेले?" पोरगी सहा वर्षांची होती बाप गेला तेव्हा. ती काय सांगणार?

"आत्या, तू जा," ती म्हणाली. "ती ओळ खोटी होती एवढं त्याच्या तोंडून वदवून घे. मला दुसरं काही नको."

तिला तेवढंच हवं होतं. मला त्याहून बरंच काही हवं होतं.

विमानतळावर पाहिलं त्याला. सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली, कोट अंगावर लोंबतोय, पायात कोरे करकरीत बूट. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर बॅगेकडे वळवली. ओळख पटली नाही, असं मी धरून चालले. माझे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय, आणि तसंही तो कधी कुणाचं तोंड बघायचाच नाही. रजिस्टर बघायचा.

पहिल्याच दिवशी गाईडने आम्हाला नंबर दिले. चुणचुणीत पोरगी होती. डॉक्टर नवरा-बायको एक आणि दोन, दोघी बहिणी तीन-चार, एक निवृत्त मास्तर पाच, मी सहा, मुकादम सात आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला आठ.

"कुठेही थांबलो की निघताना ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा," ती म्हणाली. "आठ ऐकू आलं की मी चालायला लागणार."

अगं बाई, आवाज काय मोजतेस, डोकी मोज! अगदी ओठांवर आलं होतं. पण गिळलं. माझ्या सहानंतर मुकादमाचा "सात" यायचा, पडक्या आवाजात, जरा थांबून. रोज पाच-सहा वेळा त्याच्या शेजारी उभं राहून मी ते ऐकत होते आणि रोज पाच-सहा वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका जुन्या लोकर गिरणीत गेलो. आता तिथे संग्रहालय आहे. भिंतीवर कामगारांच्या हजेरीच्या पितळी चकत्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर. मुकादम त्यांच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "तुमचंही काम असंच होतं ना? कधी अपघात वगैरे?"

"एक झाला," तो म्हणाला. "माणूस हजेरी देऊन स्वतःच्या मर्जीने परत आत गेला."

शब्दाला शब्द तोच! एकोणीस वर्षं पाठ करून ठेवलेली ओळ, आणि ती म्हणताना गडी माझ्या पायांकडे बघत होता. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. दात ओठ खाणं म्हणतात ते मी अक्षरशः केलं, ओठातून रक्त आलं. नुसतं वदवून घेऊन याचं काय वाकडं होणार? सहलीतला एक दिवस वाईट जाईल, एवढंच. याला कळायला हवं होतं, आपण मागे उरलोय आणि बाकीचे मोजून निघून गेलेत, हे कसं लागतं ते.

संधी आपल्या पायांनी चालत आली. पाचव्या दिवशी आम्ही खिंडीत पोहोचलो. तिथे मेंढपाळांनी रचलेली दगडांची एक भिंत होती, वाऱ्याला आडोसा म्हणून. मुकादमाच्या कोऱ्या बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या. पट्टी बांधायला तो भिंतीपलीकडे जाऊन बसला. तो गेलेला फक्त मी पाहिला. तेवढ्यात धुकं आलं, असं दाट की शेजारच्या मास्तरांची नुसती टोपी दिसत होती. गाईड घाबरली. "चला चला, लगेच उतरायचं. नंबर!"

एक. दोन. तीन. चार. पाच.

"सहा," मी म्हटलं.

मग एक क्षण गेला. त्या क्षणात मी काहीही करू शकत होते. हनुवटी गळ्याशी दाबली, आवाज पाडला आणि जरा थांबून म्हटलं, "सात."

"आठ," फोटोवाला म्हणाला, आणि आम्ही निघालो.

आता सांगून टाकते, लपवून काय करू? असा उसना आवाज मी दुसऱ्यांदा दिला. पहिला दिला होता पटांगणात, सतरा नंबरसाठी. आमच्याकडे ती रीतच होती. कुणी चहाला सटकला की दुसऱ्याने हजेरी लावायची. भाऊ त्या वेळेला कायम फाटकाबाहेरच्या टपरीवर असायचा. दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या, तिसरीला काढून टाकणार होते. मला वाटलं, टपरीवर असेल मेला, येईल धावत. सतरा पुकारला आणि माझ्या तोंडून सवयीने "हजर" निघून गेलं. भाचीला हे माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि मुकादमाचा मी एकोणीस वर्षं एवढा जीव जाळून द्वेष केला, तो यासाठीच. अरे, मी बाई चुकले! पण तुझं कामच डोकी मोजायचं होतं. मान वर करून एकदा पाहिलं असतंस तर?

उतरताना पहिला अर्धा तास मला फार बरं वाटलं. खरंच सांगते. गुडघेसुद्धा दुखले नाहीत. मरावा असं वाटत होतं का? त्या घटकेला, हो. मग थंडी वाढली आणि धाकटी बहीण म्हणाली, "आज सात नंबर अगदीच गप्प आहेत." मी म्हटलं, "दमले असतील." अजूनही तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही.

मुक्कामाच्या घरी पोचायला सव्वा तास लागला. घरमालकिणीने सूपचे वाडगे मांडले आणि एक उरला. तेव्हा कळलं. गाईडच्या तोंडावरचा रंग उडाला. ती आणि गावातले दोघे बॅटऱ्या, दोर, घोंगड्या घेऊन वर धावले. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. मी सूप ढवळत बसले. त्यावर साय धरली तरी ढवळत होते.

अंधार पडायच्या आत त्याला आणलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आला, ओठ निळे, बोटं वाकत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, निभावलं, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं. त्याला शेकोटीपाशी बसवलं, हातात गरम कप दिला. मग गाईड रडायलाच लागली.

"मी सात ऐकला होता. शपथेवर सांगते, ऐकला होता."

"मीही ऐकला," मास्तर म्हणाले. "आता हे भिंतीपलीकडे होते, तर म्हणालं कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुकादमाने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"मीच म्हटलं," तो म्हणाला. "नंबर दिला आणि स्वतःच्या मर्जीने परत मागे गेलो. काठी राहिली होती. पोरीचा काही दोष नाही."

तीच ओळ. स्वतःच्या मर्जीने परत. फक्त या वेळी ती त्याने स्वतःवर घेतली होती, आणि घेताना बघत माझ्याकडे होता. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला, की ही ओळ एकोणीस वर्षं कुणाला पाठीशी घालत होती.

सुटले होते मी. गप्प बसले असते तर सुंठीवाचून खोकला गेला होता. पण माझं डोकंच फिरलं. याचे उपकार? याचे? मी उठले तशी खुर्ची मागे पडली.

"खोटं बोलताय! सात मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं, तुम्ही पलीकडे बसलात हे मला ठाऊक होतं."

घरमालकिणीला भाषा कळत नव्हती, पण तिच्याही हातातला डाव थांबला.

"ठाऊक आहे," मुकादम म्हणाला. "ऐकलं मी. तुमचा आवाज विसरण्यासारखा आहे का? पहिल्या दिवशी सहा म्हणालात तेव्हाच ओळखलं."

"मग ओरडला का नाहीत?"

"तोंड उघडलं होतं." त्याने बोटं चोळली. "मग म्हटलं, बघू या, कसं वाटतं."

"आणि सतरा? तोही आवाज ओळखला होतात?"

"दारं उघडली तेव्हा कळलं, हजर कोण म्हणालं ते."

"म्हणून ती ओळ लिहिलीत? माझ्यासाठी?"

"अर्धी तुमच्यासाठी. चौकशी झाली असती तर तुमचं नाव निघालं असतं. आणि मी मान वर केली नव्हती, हेही निघालं असतं. अर्धी माझ्यासाठी."

"कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला शहाणपण? दोघांनी आपापली कातडी वाचवली आणि दारुडा ठरला तो! त्याची पोर लोकांची बोलणी खातेय, तिने काय घोडं मारलं होतं?"

मी फोन काढला, भाचीला लावला आणि त्याच्या कानापाशी धरला.

"सांगा तिला."

"बाळ," तो म्हणाला, "मी मुकादम बोलतोय. तुझे वडील परत आत गेले नव्हते. ते बाहेर आलेच नव्हते. प्यायलेले नव्हते. मी डोकी मोजली नाहीत, आवाज मोजले, आणि मग खोटं लिहिलं. तुला पाहिजे तर कागदावर लिहून सही करून देतो."

पलीकडून हुंदका आला. मी फोन आपल्या कानाला लावला. ज्यासाठी आले होते ते झालं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"आत्या," भाची रडत, हसत म्हणाली, "बोलला गं तो! बोलला!" नाक ओढलं तिने. मग थांबली. पोरगी हुशार आहे, बापावर गेलीय. "पण आत्या, बाबा आत होते, तर मग हजर कोण म्हणालं?"

मुकादम मान खाली घालून बसला होता. या वेळी तो काही बोलणार नव्हता.

"मी," मी म्हटलं.

एवढा जाड आवाज माझा, पण तिला ऐकू गेला नाही. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.