चित्र समाधानकारक

ऑफिसात त्याला सगळे तारवाला म्हणत, कारण तो सापडायचा तो कुणाच्या तरी टेबलाखालीच. त्याची ताई त्याच इमारतीत रेकॉर्ड रूम सांभाळायची. ती जन्मापासून बहिरी होती, पण एकोणीस वर्षांत तिच्या कपाटातून कागदाचा कपटा हरवला नव्हता. तिच्यामुळे घरात सगळ्यांना खुणांची भाषा यायची. तारवाला तर तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकला होता.

त्या वर्षी साहेबांनी जुने कॉम्प्युटर काढून टेबलाटेबलावर पंजाएवढ्या डब्या बसवल्या. डबीला स्वतःचं डोकं नव्हतं. सगळं काम तळमजल्यावरचा एक सर्व्हर करायचा, डबी नुसतं चित्र दाखवायची. पत्रं टाइप करायला झकास. पण व्हिडिओ लावला आणि साठ टेबलं चालू असली, की त्या एकट्या सर्व्हरच्या तोंडाला फेस यायचा. आवाज नीट यायचा, चित्र मात्र अडखळायचं, मध्येच थिजायचं. तारवाल्याने हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, चाचणी रविवारी घ्या. रविवारी इमारतीत एकच डबी चालू होती, त्यामुळे व्हिडिओ लोण्यासारखा चालला. तारवाल्याने अहवालात ‘चित्र समाधानकारक’ असं लिहून सही ठोकली. यात खोटं काही नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. बढतीची यादी त्याच महिन्यात निघायची होती.

मग एक फाइल गहाळ झाली आणि बोट ताईकडे गेलं. तिने ती साहेबांना विचारूनच बाहेर दिली होती. त्यांनी गडबडीत होकाराची मान हलवली होती, पण आता त्यांना ते आठवत नव्हतं. चौकशी लागली. दुभाषी बाई दुसऱ्या शहरातून स्क्रीनवर येणार होत्या, कारण नात्यातल्या माणसाला ते काम करता येत नव्हतं. तारवाला खोलीत होता तो डबी जोडायला. सकाळचे अकरा वाजलेले, अख्खी इमारत कामाला लागलेली.

दुसऱ्या प्रश्नापासूनच बाईंचे हात उड्या मारायला लागले. ताई पुढे वाकून, डोळे बारीक करून अंदाजाने जुळवत राहिली. चौकशी अधिकाऱ्याला यातलं काहीच कळलं नाही. त्याला बाईंचा आवाज खणखणीत येत होता.

“परवानगी न घेता तुम्ही फाइल बाहेर दिलीत?” त्याने विचारलं.

बाईंनी परवानगीची खूण केली, घेण्याची केली, आणि नकाराचा हात हलवायच्या क्षणी चित्र थिजलं. सुटलं तेव्हा त्या फाइल देण्यावर पोचल्या होत्या. ताईपर्यंत पोचलं ते ‘परवानगी घेऊन फाइल दिलीत?’ एवढंच. तिने ठाम मान हलवली. हो.

अधिकाऱ्याने कबुली लिहून घेतली.

तारवाल्याने ते पाहिलं होतं. चित्र अडकलंय, प्रश्न पुन्हा विचारा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग तो अहवाल निघाला असता. तो खाली वाकला आणि नीट बसलेली तार पुन्हा नीट बसवू लागला.

ताईला टपालाच्या पाकिटांवर शिक्के मारायला बसवलं. निकालाचा कागद हातात घेऊन ती घरी एकच विचारत राहिली, मी असं कधी म्हटलं? तिसऱ्या दिवशी तारवाल्याला राहवेना. सगळं लिहून तो अधिकाऱ्याकडे गेला.

“तेव्हा तुम्ही खोलीत होता ना?”

“होतो, साहेब.”

“मग तेव्हा दातखीळ बसली होती?” अधिकाऱ्याने चाचणीचा अहवाल पुढे सरकवला. सही तारवाल्याचीच होती. पत्र फाइलला लागलं, निकाल होता तसाच राहिला. तारवाल्याला मेमो मिळाला आणि बढती दुसऱ्याला. पुढच्या आठवड्यात साहेबांनी आपल्या टेबलावरची डबी काढून जुना कॉम्प्युटर परत लावून घेतला. बैठकीत त्यांना समोरच्यांचे चेहरे नीट दिसत नव्हते. लावून द्यायला तारवालाच गेला.

त्या संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं. रविवारची चाचणी, सही, थिजलेला हात. ताईने शेवटपर्यंत त्याच्या हातांवरची नजर काढली नाही. मग एकच विचारलं.

‘तू पाहिलंस?’

त्याने होकारार्थी मान हलवली.

ताईने वाळलेले कपडे मांडीवर ओढले आणि घड्या घालायला लागली. तो समोर बसून माफीच्या खुणा करत राहिला. “बघ की गं त्याच्याकडे,” आई सवयीने तोंडानेच म्हणाली. ताईने मान वर केली नाही.