एकाच वाक्याची चर्चा

ग्रंथपालबाईंचा स्वभाव मुळातच संशयी. दुधावरची साय जरा पातळ दिसली, तरी त्या आधी नवऱ्याच्या मिशा बघायच्या. विद्यापीठाने या स्वभावाला पगारच लावून दिला होता. एखाद्या शोधनिबंधाचा दाखला इतर संशोधक किती देतात, एवढंच पूर्वी मोजत. आता बातम्यांत, ब्लॉगवर, सोशल मीडियावर त्याची किती चर्चा झाली, हेही बाईच मोजत. त्या चर्चेवर नोकऱ्या ठरायला लागल्यावर ती विकत घेणारे बहाद्दरही निपजले होते.

यंदा वाचा-उपचार म्हणजे स्पीच थेरपीच्या विभागात कायम जागा एकच होती आणि उमेदवारांत बाईंच्या नणंदेची मुलगी होती.

"भाचीचं काम माझ्याकडे नको," बाई म्हणाल्या.

विभागप्रमुख हसले. "उलट तुम्हीच बघा. तुम्ही दुप्पट कडक बघाल."

बाईंनी डोळ्यांत तेल घालून बघितलं आणि शंकेची पाल चुकचुकलीच. भाचीच्या निबंधाची चर्चा भरमसाट होती, पण सगळी एकाच साच्यातली. वेगवेगळ्या नावांची खाती, रोज सकाळी एकाच सुमारास, एकच वाक्य: 'आज मी खिडकी उघडली.' खाली निबंधाचा दुवा. माणसं असं बोलतात का कधी? हे काम यंत्रांचंच.

तपासणीतलं उमेदवाराला सांगायचं नाही, असा नियम होता. म्हणून रविवारी भाची घरी आली, तेव्हा बाईंनी आडून विचारलं, "तुझ्या निबंधाची फार चर्चा आहे म्हणे?"

"असेल मामी. माझी माणसं आहेत ना, पाठवत असतील." पोरगी किती साळसूदपणे म्हणाली! माझी माणसं! बाईंना तिचा रागही आला आणि मनातून रडूही आलं. हिला त्यांनी कडेवर खेळवलं होतं.

तरी त्यांनी शेवटची संधी दिली. प्रत्येक खात्याला लिहिलं, 'हे वाक्य आपण स्वतः लिहिता का? कृपया कळवावे.' आठवडा गेला तरी एकानेही उत्तर दिलं नाही. बाईंनी अहवालात 'चर्चा बनावट' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

वर निवड समितीची बैठक चालू असताना खाली ग्रंथालयात बाईंच्या पडद्यावर एक उत्तर आलं.

'मी. लिहितो. रोज. बस. चालवत. होतो. मी. माणूस.'

बाईंनी भाचीचा निबंध उघडला. इतके दिवस त्यांनी तो नुसता मोजला होता, वाचला नव्हता. मेंदूला झटका येऊन भाषा गेलेल्या रुग्णांसाठी त्यात एक सराव होता: रोज सकाळी ठरावीक वेळी तेच एक वाक्य लिहायचं आणि निबंधाच्याच पानावरून चारचौघांत पाठवायचं, म्हणजे कुणीतरी उत्तर देतं आणि पुढचा शब्द काढायचा धीर येतो. पुढे असंही लिहिलं होतं, की अनोळखी प्रश्नाचं उत्तर जुळवायला यांना कित्येक दिवस लागतात.

बाई जिना धापा टाकत चढल्या. समितीची माणसं बाहेर पडत होती. "तुमच्या अहवालामुळे वादच मिटला," प्रमुख म्हणाले. "जागा दुसऱ्याला दिली."

"थांबा, सर! ती सगळी खरी माणसं आहेत. चूक माझी आहे!"

"आता सह्या झाल्या, बाई," म्हणत ते पुढे निघूनही गेले.

भाची बाकावर बसून होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहवाल तुम्ही लिहिलात, मामी?"

"मीच."

भाचीने डोळे पुसले. मग म्हणाली, "बनावट म्हटलंय, हे माझ्या माणसांना मात्र कळू देऊ नका. आत्ता कुठे लिहायला लागलेत."