दोन धाकटे एफ

माझं आडनाव स्मिथ. इंग्लंडात कुठेही दगड भिरकावा, तो एखाद्या स्मिथलाच लागणार. त्यामुळे आडनाव या विषयावर मी तोंड उघडू नये असा आमच्या नेदर मॅरोबी गावाचा अलिखित नियम होता. चाळीस वर्षं तो मी पाळला, निदान पाळल्यासारखं केलं.

फंडलिन हे आडनाव मात्र दुर्मीळ. किती दुर्मीळ, तर कर्नल पेरिग्रिन फंडलिन यांनी देशभरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळून आणि परदेशी पत्रं धाडून जगातले सगळे फंडलिन मोजले, ते भरले एकतीस. त्यातला टास्मानियातला एक कधीच उत्तर पाठवत नाही. तो मेलाय की नुसताच शहाणा आहे, कळायला मार्ग नाही. गावच्या हॉलमध्ये भिंतीवर जगाचा नकाशा लावलाय आणि त्यावर एकतीस टाचण्या टोचल्यात, एकोणीस लाल आणि बारा पिवळ्या.

लाल-पिवळ्याची भानगड अशी. नावाची सुरुवात मोठ्या अक्षरानं करायची हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मी तेच शिकवण्यात हयात घालवली. पण कर्नलचं घराणं आपलं नाव दोन एफनी सुरू करतं आणि दोन्ही लहान, मोठं अक्षर औषधालासुद्धा नाही. का, तर जुन्या कागदात तसं आहे. इंग्लंड जिंकणाऱ्या राजा विल्यमबरोबर फ्रान्सातल्या नॉर्मंडीहून जो सरदार समुद्र ओलांडून आला त्याचं नाव असंच लिहीत म्हणे, आणि मोठा एफ ही नंतर दुकानदारांनी पाडलेली चाल. पाकिटावर मोठा एफ दिसला की कर्नल ते न फोडता परत पाठवत. एकदा विजेच्या कंपनीची बिलं अशी परत केली आणि तीन दिवस मेणबत्त्या लावून बसले. गावातल्या कुणीही त्यांना हसलं नाही. आम्ही घरी जाऊन हसलो.

तर दोन धाकट्या एफवाले लाल, एका मोठ्या एफवाले पिवळे. दरवर्षी जुलैत फंडलिन मंडळाचा मेळावा भरतो. लाल लोकांना कोटाला लावायला निळी फीत मिळते. पिवळ्यांना पांढरं कार्ड, त्यावर लिहिलेलं असतं ‘घराण्याचे स्नेही’.

डल्सी फंडलिन पिवळी. हॉलपासून तिचं घर दोनशे पावलांवर, आणि आयुष्यात ती या गावाबाहेर दोनदा गेली, दोन्ही वेळा दातांसाठी. माझ्या शाळेत तीस वर्षं तिनं पोरांना जेवण रांधून घातलं. मेळाव्याचा केकही दरसाल तीच करायची, जॅम भरलेला, तीन थरांचा. केक पहिल्या रांगेत जायचा आणि डल्सी शेवटच्या रांगेत बसायची.

ब्याण्णव साली मे महिन्यात डॉक्टरनं तिला सांगितलं की हृदय थकलंय, आणखी एक हिवाळा निघाला तर नशीब. ती रडली-बिडली नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, “एनिड, मला आईशेजारी जायचंय.”

आता यातली अडचण सांगते. आमच्या चर्चचं आवार कबरींनी केव्हाच भरलं. आता मेलेला माणूस आठ मैलांवर हमरस्त्यावरच्या नव्या दफनभूमीत जातो, टायरच्या दुकानाला लागून. अपवाद फक्त फंडलिन कोपऱ्याचा. चर्चच्या दक्षिणेला, यू नावाच्या जुन्या झाडाखाली, तो घराण्यासाठी राखलेला आहे. तिथं कुणाला घ्यायचं हे घराण्याचा प्रमुख ठरवतो आणि पाद्री खाली सही करतो. डल्सीची आई गेली तेव्हा प्रमुख होते कर्नलचे वडील. त्यांना शिकारी कुत्र्यांपलीकडे कशाचंच पडलेलं नव्हतं. एफ किती, हे न विचारताच त्यांनी हो म्हणून टाकलं. तेव्हा डल्सी एकोणीस वर्षांची होती. आता कोपऱ्यात जागा उरली होती एक.

डल्सीनं कर्नलना पत्र लिहिलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, जाड कागदावर. त्यात डल्सीच्या केकची स्तुती होती, तब्येतीची चौकशी होती आणि शेवटी असं होतं की कोपरा हा ज्यांचं नाव योग्य रीतीनं लिहिलं जातं त्यांच्यापुरताच आहे, तेव्हा नाइलाज आहे. अन्यत्र कुठेही तिची सोय होत असेल तर त्यांना मनापासून आनंद वाटेल.

“बघ गं,” डल्सी म्हणाली, “मला मनापासून आनंदानं टायरच्या दुकानाशेजारी पाठवतायत.”

“वॉल्टर तिथंच आहे,” मी म्हटलं. वॉल्टर म्हणजे माझा नवरा.

“माफ कर. पण तुझं बरंय, तुला तिथं नवरा आहे. माझं तिथं कोण आहे?”

मला राग आला. हे उघडच सांगते. बोलले मात्र नाही, कारण माझं आडनाव स्मिथ.

जूनमध्ये कर्नल स्वतःच माझ्या दारात आले. मंडळाचा पन्नासावा मेळावा होता. हॉलमध्ये नकाशाशेजारी एक चौकट टांगलेली असायची, तिच्यात गावच्या सर्वांत जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीतला एकच शब्द, फोटो काढून मोठा केलेला. तोच घराण्याचा पुरावा. छताच्या गळतीनं त्याला बुरशी धरली होती.

“मिसेस स्मिथ, तुम्ही चर्चच्या कागदपत्रांचं बघता. शहरातल्या दफ्तरखान्यातून नवा फोटो आणाल का? मला गुडघ्यामुळे बस चढवत नाही.”

“आणते की.”

“फक्त तो शब्द. बाकी पान काही महत्त्वाचं नाही.”

मी बसनं गेले. दफ्तरखान्यातल्या बाईंनी वही उशीवर ठेवली आणि पान उघडलं. १५८७ सालचं. मला ते अक्षर लागेना, म्हणून त्याच वाचू लागल्या. वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “यांचं आडनाव काय म्हणालात?”

“फंडलिन. दोन धाकटे एफ.”

“हं. बाई, त्या काळी मोठा एफ वेगळा नसायचा. लहान दोन जोडून काढले की झाला मोठा. हा कारकून तर दिसेल त्या एफला दोन काढतोय. हे बघा, फ्रायडेला दोन. फेब्रुवारीला दोन. फाउलला, म्हणजे कोंबडीला, दोन.”

“म्हणजे कोंबडीसुद्धा नॉर्मंडीहून आली म्हणायची.”

बाई हसल्या नाहीत, सरकारी नोकरीत होत्या. त्यांनी बोट पुढे सरकवलं. “आणि हे आडनाव नाहीच. शेवटी ‘जी’ हे अक्षर आहे, फंडलिंग. त्या वेळच्या बोलीत फंडलिंग म्हणजे सापडलेलं मूल, टाकून दिलेलं.”

तेव्हा मला उमगलं. हॉलमधल्या चौकटीची लाकडी पट्टी त्या शब्दाच्या बरोब्बर शेवटच्या अक्षरावर बसली होती. पन्नास वर्षं एका अख्ख्या घराण्याचा बाप त्या पट्टीखाली दडला होता.

मी पूर्ण पानाचा फोटो घेतला आणि बाईंकडून खाली सोप्या अक्षरांत मजकूर टाइप करून घेतला. मेळाव्याच्या आदल्या दिवशी कर्नलकडे गेले. लोकांसमोर कुणाची शोभा करावी असं माझ्या मनात नव्हतं. निदान तोवर तरी नव्हतं.

कर्नलनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. बराच वेळ वाचला. मग घडी घालून मला परत दिला आणि विचारलं, “चहा घेणार?”

“नको. डल्सीचं काय करायचं?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“सगळेच जर एका टाकून दिलेल्या पोराचे वंशज, तर लाल-पिवळं कसलं?”

“मिसेस स्मिथ,” ते अगदी हळू म्हणाले, “तुम्हाला ते समजायचं नाही. तुमचं आडनाव, म्हणजे, फार पसरलेलं आहे. चौकटीत तेवढा शब्द बसवा, पूर्वीसारखा. पट्टी जरा रुंद घ्या.”

पट्टी रुंद घ्या. चाळीस वर्षं मी या माणसाला पायघड्या घातल्या होत्या, त्यांच्या मेळाव्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कपबशा विसळल्या होत्या. मी तशीच छपाईवाल्याकडे गेले आणि पूर्ण पान टेबलाएवढं मोठं करून आणलं. पट्टी लावलीच नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. निळ्या फिती पुढे, पांढरी कार्डं मागे, टेबलावर अंड्याचे सँडविच आणि डल्सीचा केक. भिंतीवरल्या कागदावर पडदा होता. तो ओढायचा मान आमचे नवे पाद्री मिस्टर टॉलिव्हर यांचा. माणूस गरीब, समोर दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी पडदा ओढला. कर्नलचा चेहरा पांढरा पडला, पण ते जागचे हलले नाहीत. आणि पाद्रीबाबांनी खणखणीत आवाजात सुरू केलं.

“शुक्रवार, फेब्रुवारी महिना. थॉमस, एक सापडलेलं मूल. गिरणीवाल्याच्या खुराड्यात कोंबड्यांखाली मिळालं. बाप नाही, आई नाही, नाव नाही. आज बाप्तिस्मा दिला. विधवा अ‍ॅग्नेसनं घरी नेलं, तिची स्वतःची चार असून.” एवढं वाचून ते कौतुकानं सगळ्यांकडे बघत राहिले. आपण काय वाचलं हे त्यांना स्वतःलाच सर्वांत शेवटी कळलं.

आमच्याकडे बाँब पडला तरी आधी कुणीतरी हवापाण्याचं बोलतो. लेस्टरहून आलेले एक निळी फीतवाले गृहस्थ म्हणाले, “खुराडं ऐसपैस असणार. गिरणीवाले पैसेवाले असत.” त्यांच्या बायकोनं चहा ओतायला घेतला, तो कपाबाहेरच ओतत राहिली.

मग शेवटच्या रांगेतून डल्सी उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, कारण दम लागत होता.

“पाद्रीबाबा, शेवटचं परत वाचता? त्या बाईचं.”

“विधवा अ‍ॅग्नेसनं घरी नेलं, तिची स्वतःची चार असून.”

“हं,” डल्सी म्हणाली. “कूस बदलायला जागा नसेल त्या घरात. तरी तिनं पोराला विचारलं नसेल, तुझ्या नावात एफ किती म्हणून.” मग तिनं पुढे येऊन सुरी उचलली. “केक कापते. वाळतोय.”

सगळ्यांनी केक खाल्ला. काय करणार, चांगलाच झाला होता. कर्नलच्या बशीतला तुकडा तसाच राहिला.

माणसं एवढ्यानं सुधारतात असं वाटत असेल, तर मंडळाचं पुढल्या आठवड्याचं पत्रक वाचावं. त्यात लेस्टरच्या गृहस्थांचा लेख होता: मूल टाकून दिलं म्हणजे ते लपवण्याजोगं होतं, लपवण्याजोगं म्हणजे ते कुण्या मोठ्या घरचं होतं, आणि त्या काळी मोठी घराणी म्हणजे नॉर्मंडीहून आलेलीच. तेव्हा काही बिघडलेलं नाही. खाली दुरुस्ती छापली होती की खुराडं हा शब्द यापुढे ‘पक्षिगृह’ असा वाचावा.

डल्सीला मी ते वाचून दाखवलं. तिला एवढं हसू आलं की मला गोळी शोधावी लागली. पण हसू ओसरल्यावर ती खिडकीतून चर्चकडे बघत राहिली आणि मी पत्रक चुलीत घातलं. भिंतीवर पान लावून मी काय मिळवलं होतं? कोपरा होता तिथंच होता, आणि त्याची किल्ली आता दुखावलेल्या माणसाच्या हातात होती.

पंधरवड्यानं दार वाजलं. कर्नल होते. गुडघा दुखत असूनही चालत आलेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. कोटाच्या खिशातून एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. कोपऱ्यातली उरलेली जागा मिस डल्सी फंडलिन यांना. खाली पाद्रीबाबांची सही आणि वर कर्नलची. डल्सीचं नाव एका मोठ्या एफनं लिहिलं होतं, तिच्या आईच्या दगडावर आहे तसंच. त्यांची स्वतःची सही मात्र दोन धाकट्या एफचीच होती. शहात्तर वर्षांच्या हाताला एका रात्रीत वळण लागत नाही, आणि मलाही त्या दिवशी ते खटकलं नाही.

“तुम्हीच द्या तिला,” ते म्हणाले. “मला तिच्यापुढे काय बोलावं सुचणार नाही.”

“देते.”

ते वळले, दारापर्यंत गेले आणि तिथं टोपी हातात फिरवत उभे राहिले. त्यांना मूलबाळ नाही, बायको कधीच सोडून गेलेली. ती एक जागा त्यांनी स्वतःसाठी धरून ठेवली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कागद बघताना माझ्याच ते ध्यानात आलं नव्हतं.

“मिसेस स्मिथ,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या टायरच्या दुकानाचा आवाज फार येतो का हो?”

“रविवारी बंद असतं,” मी म्हटलं. “आणि वॉल्टरच्या उजवीकडची जागा माझी, डावीकडची रिकामी आहे. आत या, चहा टाकते.”

ते आत आले.