अर्धा ऐकलेला शब्द

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका छोट्या ट्रकच्या पुढच्या सीटवर मधोमध बसला आहात. उजवीकडे गाडी चालवणारे वडील, डावीकडे जाडजूड काका, आणि दोघांची कोपरं तुमच्या बरगड्यांत. मागे कोथिंबीर, पुदिना, तुळस यांच्या ओल्या जुड्यांचे क्रेट. आणि तुम्हाला असं काही माहीत आहे, जे त्या दोघांना माहीत नाही. दारं दोन आहेत, पण तुमच्या वाट्याला एकही नाही.

अकरा वर्षांची क्वेन अशीच बसली होती. ॲडलेडच्या उत्तरेला पॉलीहाऊसच्या रांगांमध्ये त्यांचं शेत. घरात सगळे व्हिएतनामी बोलायचे. फोनवर इंग्रजी आलं की फोन क्वेनच्या हातात. वडिलांना ती बा म्हणे.

त्या सकाळी पाणी तपासणाऱ्या हेदरबाईंचा फोन आला. शेततळ्यात बदकं उतरायची, म्हणून बांनी पाण्यात क्लोरीन टाकलं होतं. पहिल्या तपासणीत एकही जंतू उगवला नाही. पण पाणी गढूळ होतं, हेदरबाईंना शंका आली. त्यांनी दुसऱ्या खेपेला जंतूंना आधी पेजेसारखं हलकं खाणं दिलं, आराम दिला आणि मग पाहिलं. जंतू भराभर वाढले होते.

"क्लोरीननं ते मेले नाहीत, क्वेन, जखमी झालेत," बाई म्हणाल्या. "आम्ही जंतू वाढवतो त्या ताटलीत इतर जंतू रोखायला औषध असतं; जखमी जंतूला ते सोसत नाही. तो उगवत नाही, म्हणून मेल्यासारखा वाटतो. पण सावरला की माणसाला आजारी पाडतो. त्या पाण्यात धुतलेलं काही कुणाला देऊ नका. बाबांना आत्ताच सांग."

जंतूला 'जखमी' कसं म्हणायचं? जखम तर गुडघ्याला होते. मग क्वेनला घरातला एक शब्द आठवला: चेत-याक. म्हणजे शुद्ध हरपून पडलेला. नुसतं 'चेत' म्हणजे मात्र मेलेला. आपल्याकडे चेतलं म्हणजे पेटलं, जागं झालं. त्यांच्याकडे नेमकं उलटं.

बा पंपापाशी होते. पंप धडधडत होता.

"बा! जंतू चेत-याक!"

"चेत? सगळे?"

'याक' पंपानं गिळून टाकला होता. बा हसले, कितीतरी दिवसांनी हसले. आईला हाका मारत जुड्या धुण्याच्या टाकीकडे धावले. आत्ता सांगते, जरा वेळानं सांगते, असं क्वेन मनाशी म्हणत राहिली, तोवर जुड्या धुऊन झाल्या, क्रेट चढले आणि तिलाही ट्रकमध्ये बसवलं.

"काय वकिलीणबाई, आज गप्प?" सातवे काका म्हणाले. खरं तर ते सहावे; पण त्यांच्यात थोरल्यालाच दुसरा म्हणतात. "एरवी रेडिओपेक्षा जास्त वाजतेस."

"गरम होतंय."

"सातव्या, पोट आत घे. पोरीला जागा दे," बा म्हणाले.

"पोट नाही ते. बायकोचं प्रेम आहे."

बा खदखदून हसले. "माझ्या पोरीनं आज शेत वाचवलं बरं का. त्या बाई काय बोलतात, मला ओ की ठो कळत नाही. ही एका शब्दात सांगते."

क्वेनला ते कौतुक काकांच्या कोपरापेक्षा जास्त रुतलं. आता बोलावं, तर काकांसमोर बांचा चेहरा उतरणार आणि सगळा माल फेकावा लागणार. पुन्हा तिच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील का? गप्प राहावं, तर हा पाला पॅगोड्यातल्या, म्हणजे त्यांच्या बौद्ध मंदिरातल्या, जेवणात कच्चाच वाढला जाणार. तिथं म्हातारी माणसं असतात, तान्ह्या मुलांच्या आया असतात. ती तोंड उघडायची, आणि बा पुन्हा हसायचे.

ट्रक पॅगोड्याच्या मागच्या दाराशी थांबला. दोघं खाली उतरले. स्वयंपाकघरातली मावशी टोपली घेऊन आली.

"आलात एकदाचे! म्हातारे नूडल्सचे वाडगे पुढ्यात घेऊन बसलेत, पाल्यावाचून." तिनं पुदिन्याची एक जुडी उचलली. "धुतलाय ना नीट?"

"चकाचक! जंतू सगळे चेत," बा म्हणाले. "विचार माझ्या पोरीला."

सगळ्यांनी क्वेनकडे पाहिलं.

ती सीटवरून उतरली, मागे चढली, मावशीच्या हातातली जुडी काढून घेतली आणि क्रेटवर बसली.

"चेत नाही, बा. चेत-याक. नुसते पडलेत, पुन्हा उठतील. सकाळी तुम्हाला अर्धंच ऐकू आलं. ते मला कळलं, तरी मी बोलले नाही."

मावशीनं टोपली खाली ठेवली.

"खाली उतर," बा हळू आवाजात म्हणाले.

क्वेन उतरली नाही. तिनं खिशातून फोन काढला, हेदरबाईंना लावला, आवाज मोठा केला आणि त्यांचं एकेक वाक्य सगळ्यांना सांगू लागली. प्रत्येक वाक्यानंतर ती बांकडे बघायची, आणि त्यांची मान हलेपर्यंत पुढचं वाक्य सांगायची नाही.